न्यू जर्सीतल्या ऐतिहासिक वास्तू: नव्याने आलेल्यांनी कुठून आणि कशी सुरुवात करावी

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी घरांचं पहिल्या वर्षाचं फिरणं साधारण ठरलेलं असतं. न्यूयॉर्क होतं, नायगारा होतो, वॉशिंग्टन डी. सी. होतं, आईवडील आले की तीच यादी पुन्हा. एडिसन, इझलिन, पार्सिपनी, प्रिन्स्टन, जर्सी सिटी, जिथे जिथे आपली वस्ती आहे तिथून तासाभराच्या आत काय काय उभं आहे, हे मात्र पाच-सहा वर्षं राहूनही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. याची मला मनापासून हळहळ वाटते. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध हरता हरता सावरलं ते याच राज्यात. घरात लावता येईल असा विजेचा दिवा तयार झाला तो इथेच. आणि विश्वाच्या आरंभाचा पुरावाही इथल्याच एका टेकडीवर हाती लागला.

सगळं एका उन्हाळ्यात उरकायला जाऊ नका. खालच्या क्रमाने, एका वेळी एक जागा पाहिलीत तर एकाची गोष्ट दुसऱ्याला जोडली जाते.

पहिली पायरी: पाटीचा अर्थ समजून घ्या

शोधायला बसलात की तीन प्रकारची नावं दिसतील आणि ती एकमेकांत मिसळतात. 'नॅशनल रजिस्टर ऑफ हिस्टॉरिक प्लेसेस' ही १९६६ च्या कायद्याने सुरू झालेली देशव्यापी नोंदवही. तिच्यात नव्वद हजारांहून अधिक नोंदी आहेत: जुने पूल, चर्च, रेल्वे स्टेशनं, अख्ख्या गल्ल्या. 'नॅशनल हिस्टॉरिक लँडमार्क' हा त्यापेक्षा बराच वरचा मान. तो अमेरिकेच्या 'इंटीरियर' खात्याचा (गृहखातं नव्हे, सरकारी जमिनी आणि वारसा सांभाळणारं खातं) मंत्री देतो, आणि त्या जागेचं महत्त्व गावापुरतं नसून देशाच्या इतिहासात आहे हे आधी सिद्ध करावं लागतं. न्यू जर्सीत असे पन्नासाहून अधिक लँडमार्क आहेत. तिसरा प्रकार म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिस स्वतः चालवते त्या जागा. तिथे रेंजर, माहितीपट, स्वच्छतागृह, वाहनतळ असं सगळं व्यवस्थित असतं.

नवख्या माणसाची फसगत इथेच होते: लँडमार्क आहे म्हणजे आत जाता येतं, असं नाही. प्रिन्स्टनमधलं ११२ मर्सर स्ट्रीट हे आइनस्टाइनचं घर लँडमार्क आहे. आपल्या घराचं संग्रहालय होऊ नये, अशी त्याची इच्छा होती आणि ती पाळली गेली आहे. आजही ते राहतं घर आहे. फुटपाथवरून पाहावं, फोटो घ्यायचा तर तिथूनच घ्यावा आणि पुढे निघावं. बेल वाजवू नये, अंगणात पाऊल टाकू नये. म्हणून निघण्याआधी त्या जागेच्या अधिकृत वेबसाइटवर तीन गोष्टी बघा: आज उघडं आहे का, आत टूरशिवाय सोडतात का, आणि दुरुस्तीसाठी काही भाग बंद आहे का. जुन्या इमारतींची कामं महिनोन्महिने चालतात आणि आठवड्याच्या सुरुवातीला बंद असणं तर सर्रास आहे. नकाशाच्या ॲपमधल्या वेळेवर भरवसा ठेवू नका.

दुसरी पायरी: एडिसनपासून सुरुवात करा

आपल्यापैकी हजारो लोक एडिसन गावाचा पत्ता रोज लिहितात. या गावाचं नाव आधी रॅरिटन टाउनशिप होतं. १९५४ मध्ये ते बदललं, कारण थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. १८७६ मध्ये तो इथे आला, १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला आणि १८७९ च्या शरद ऋतूत त्याचा दिवा तासन् तास जळत राहिला. ख्रिस्टी स्ट्रीटवर त्या जागी १९३८ मध्ये उभारलेला मनोरा आहे, माथ्यावर भलामोठा काचेचा दिवा, आणि शेजारी छोटं संग्रहालय. ओक ट्री रोडला वाणसामान आणायला जाता, त्याच फेरीत हे होऊन जातं.

मात्र तिथे जुनी प्रयोगशाळा शोधू नका. हेन्री फोर्डने १९२९ मध्ये ती मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला आपल्या संग्रहालयात पुन्हा उभी केली. म्हणून मेन्लो पार्कला अर्धा-पाऊण तास द्या आणि खरा दिवस वेस्ट ऑरेंजसाठी राखून ठेवा.

वेस्ट ऑरेंजची ही एडिसनची पुढची प्रयोगशाळा १८८७ ची. हल्ली ती 'थॉमस एडिसन नॅशनल हिस्टॉरिकल पार्क' आहे. माझ्या मते राज्यातली सर्वांत आधी पाहावी अशी जागा हीच. एडिसनचा खरा शोध म्हणजे शोध लावण्याचा कारखाना, हे इथे डोळ्यांना दिसतं. तळमजल्यावरच्या यंत्रशाळेत छतालगत लांबच लांब दांडे फिरायचे आणि प्रत्येक लेथ चामड्याच्या पट्ट्याने त्यांना जोडलेला. पट्टे आजही जागच्या जागी आहेत. रसायनशाळेत बाटल्या फळ्यांवर तशाच मांडलेल्या आहेत. ग्रंथालयात लाकडी सज्ज्यांचे मजले, मध्ये त्याचं मेज, आणि पुस्तकांच्या कपाटांमधल्या एका कोनाड्यात एक अरुंद खाट. नवरा टेबलांवर आणि बाकांवर झोपतो हे पाहून पत्नी मिनाने ती तिथे ठेवली. इंजिनियर मंडळी या इमारतीतून लवकर बाहेर पडत नाहीत, तेव्हा तीन तास हाताशी ठेवा. अंगणात 'ब्लॅक मारिया'ची प्रतिकृती आहे, म्हणजे १८९३ चा चित्रपटाचा स्टुडिओ: डांबरी कागदाने मढवलेली काळी खोली, छप्पर उघडतं आणि सूर्य सरकेल तशी अख्खी खोली रुळावर फिरवता येते.

एडिसनचं घर ग्लेनमाँट तिथून जवळच, पण फाटकबंद खासगी वसाहतीत आहे. त्याचं तिकीट आणि गाडी आत नेण्याचा परवाना आधी प्रयोगशाळेच्या व्हिजिटर सेंटरमधून घ्यावा लागतो. थेट फाटकावर गेलात तर परत पाठवतील. १९३१ मध्ये एडिसन याच घरात वारला आणि घरामागे त्याच्या आणि मिनाच्या साध्या समाध्या आहेत.

तिसरी पायरी: एका युद्धाचा माग काढा

स्वातंत्र्ययुद्धाच्या जागा सुट्या सुट्या पाहिल्या तर सगळीकडे तोफा आणि जुनं फर्निचर, एवढंच लक्षात राहतं. घडल्या त्या क्रमाने पाहा.

१७७६ च्या डिसेंबरात जॉर्ज वॉशिंग्टनची फौज न्यूयॉर्क गमावून, न्यू जर्सी आडवी तुडवत, डेलावेअर नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियात पळाली होती. सैनिकांची मुदत वर्षाअखेर संपत होती. २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहणारी नदी ओलांडून सुमारे २,४०० सैनिक न्यू जर्सीच्या काठावर उतरले. टायटसव्हिलच्या वॉशिंग्टन क्रॉसिंग स्टेट पार्कमध्ये तो काठ आहे. नदी तिथे डोळ्यांत मावण्याइतकीच रुंद दिसते. पण थंडीत जा, काठावर दहा मिनिटं उभे राहा, म्हणजे त्या रात्रीची कल्पना येईल. दर ख्रिसमसला हौशी मंडळी जुन्या गणवेशात पलीकडच्या काठावरून नदी ओलांडून दाखवतात, अर्थात नदीचं पाणी परवानगी देईल तेव्हाच.

तिथून ते नऊ मैल चालत ट्रेंटनला पोचले आणि २६ डिसेंबरच्या सकाळी ब्रिटिशांच्या भाडोत्री हेसियन (जर्मन) फौजेचे सुमारे नऊशे जण पकडले. हेसियन दारू पिऊन पडले होते, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. इतिहासकार ती मानत नाहीत. ट्रेंटनमध्ये 'ओल्ड बॅरक्स' ही १७५८ ची दगडी छावणी बघा. ब्रिटिश शिपायांना लोकांच्या घरात ठेवून घ्यावं लागत होतं, त्याला वैतागून ती बांधली गेली. युद्धकाळात ती इस्पितळ झाली आणि सैनिकांना देवीच्या रोगाविरुद्ध टोचण्याचं काम इथे चाललं. राज्याचं विधान भवन अगदी लागून आहे, तेही त्याच फेरीत होतं.

२ जानेवारीच्या संध्याकाळी ट्रेंटनजवळ ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसने वॉशिंग्टनला ओढ्याच्या काठी गाठलं. सकाळी शिकार करू, असा त्याचा हिशेब. वॉशिंग्टनने शेकोट्या पेटत्या ठेवल्या, थोडी माणसं मागे आवाज करत ठेवली आणि बाकीची फौज रातोरात आडवाटेने प्रिन्स्टनला काढली. ३ जानेवारी १७७७ ला तिथे लढाई जिंकली. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट प्रिन्स्टन बॅटलफिल्डच्या मोकळ्या मैदानात उभं राहूनच सांगा. कडेचं पांढरं क्लार्क हाउस हे जखमींचं इस्पितळ झालं होतं. वॉशिंग्टनच्या फौजेतल्या जनरल मर्सरने तिथेच प्राण सोडला.

गावात, विद्यापीठाच्या आवारात १७५६ चा नॅसॉ हॉल आहे. त्या लढाईतल्या तोफगोळ्याची खूण त्याच्या भिंतीवर दाखवतात. १७८३ मध्ये काही महिने देशाचा कारभार या इमारतीतून चालला, म्हणजे प्रिन्स्टन ही तेव्हा राजधानीच होती. पण इथून निघताना जवळच्या पिवळ्या मक्लीन हाउसपाशी थांबा. ते तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षांचं घर होतं. १७६६ मध्ये अध्यक्ष वारले तेव्हा त्यांच्या मालमत्तेबरोबर दोन स्त्रिया, एक पुरुष आणि तीन मुलं अशा सहा गुलामांचाही लिलाव या घरापाशी पुकारला गेला. स्वातंत्र्याची लढाई आणि हा लिलाव यांत दहा वर्षांचं अंतर आहे. न्यू जर्सीतली गुलामगिरी पूर्णपणे संपली ती यादवी युद्धानंतर, उत्तरेतल्या राज्यांत सर्वांत शेवटी. पाहुण्यांना प्रिन्स्टन दाखवताना आपण कॉलेजचं कौतुक तेवढं करतो. हे घरही दाखवावं.

प्रिन्स्टनला गाडीची गरज नाही. एडिसन किंवा मेट्रोपार्कहून रेल्वेने प्रिन्स्टन जंक्शन, तिथून 'डिंकी' नावाची छोटी गाडी थेट गावात. नुकतेच आलेल्या आणि अजून लायसन्स न काढलेल्यांना हा पहिला प्रवास म्हणून उत्तम.

याच मागाचा शेवट मॉरिसटाउनला. १९३३ मध्ये देशातलं पहिलं नॅशनल हिस्टॉरिकल पार्क झालं ते हे. १७७९-८० चा हिवाळा त्या शतकातला सर्वांत कडक गणला जातो, आणि तो फौजेने इथे काढला. वॉशिंग्टन राहिला फोर्ड मॅन्शनमध्ये. घरमालकीण विधवा, तिने चार मुलांना घेऊन दोन खोल्यांत संसार केला आणि बाकीचं घर सेनापतीला दिलं. जानेवारीत वॉशिंग्टनने पत्रात कुरकुर केली आहे की आपली अठरा माणसं आणि मिसेस फोर्डची सगळी एकाच स्वयंपाकघरात कोंबली आहेत आणि सर्दीने कुणाला धड बोलताही येत नाही. टूरमध्ये त्या स्वयंपाकघरात नेतात. तिथे उभं राहिलं की हे पत्र खरं वाटतं.

सैनिक मात्र काही मैलांवर जॉकी हॉलोच्या रानात होते. झाडं तोडून त्यांनी हजाराहून अधिक झोपड्या बांधल्या, एकेकीत बारा जण. टेकडीच्या उतारावर त्यातल्या काही पुन्हा उभारल्या आहेत. आत जा, लाकडी फळ्यांच्या माच्या बघा, आडवे व्हायला माणशी किती जागा होती त्याचा अंदाज घ्या. पुढच्याच हिवाळ्यात, १ जानेवारी १७८१ ला, पगार थकलेल्या पेनसिल्व्हेनियाच्या पलटणींनी इथे बंड केलं, तेही या झोपड्या पाहिल्यावर समजतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पायवाट सोडू नका आणि घरी आल्यावर मुलांचं अंग, कानामागे आणि गुडघ्यामागे, नीट तपासा. इथल्या गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो.

चौथी पायरी: पॅटरसन चुकवू नका

पॅटरसनचं नाव काढलं की आपल्याकडची मंडळी 'तिकडे कशाला?' म्हणतात. दिवसाउजेडी नक्की जा. पॅसेइक नदीचा ७७ फुटांचा धबधबा शहराच्या मधोमध कोसळतो, आणि बर्फ वितळल्यावर किंवा मोठ्या पावसानंतर त्याचे तुषार समोरच्या पुलापर्यंत येतात. देशाचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याने हे पाणी ओळखलं. राजकीय स्वातंत्र्य मिळालं तरी कापड आणि यंत्रं इंग्लंडहून येत असतील तर ते अपुरंच, या विचाराने १७९१ मध्ये स्थापलेल्या कंपनीने धबधब्याच्या जोरावर कारखान्यांचं शहर वसवलं. कालवे काढून एकच पाणी तीन पातळ्यांवर गिरण्यांना फिरवलं. कोल्टची पिस्तुलं, रॉजर्सची रेल्वे इंजिनं, मग रेशीम.

धबधब्यावरून दहा मिनिटांवर हेलडनला बोट्टो हाउस आहे. १९१३ मध्ये सुमारे चोवीस हजार रेशीम कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी आणि माणशी चार मागांच्या सक्तीविरुद्ध संप केला. पॅटरसनमध्ये सभाबंदी होती, तेव्हा हेलडनच्या समाजवादी महापौराने आपल्या हद्दीत सभांना मोकळीक दिली. इटलीहून आलेल्या या विणकर कुटुंबाच्या वरच्या मजल्याच्या गच्चीतून भाषणं व्हायची आणि खालच्या माळावर हजारो लोक ऐकायचे. संप शेवटी मोडला. ज्यांच्या घरात गिरणगावाच्या आठवणी आहेत, त्यांना हे घर परकं वाटणार नाही. आता तिथे कामगार चळवळीचं संग्रहालय आहे, छोटं असल्यामुळे वेळ विचारूनच जा.

धबधब्याशेजारचं १९३२ चं हिंचलिफ स्टेडियमही बघा. गोऱ्यांच्या संघांत जागा नसलेले कृष्णवर्णीय बेसबॉलपटू इथे खेळले. बरीच वर्षं पडीक राहून २०२३ मध्ये ते पुन्हा सुरू झालं.

पाचवी पायरी: होमडेल आणि सँडी हूक, एकाच दिवसात

होमडेलच्या क्रॉफर्ड हिलवर अॅल्युमिनियमचा एक प्रचंड कर्णा आहे, पन्नास फूट लांब. उपग्रहाचे संदेश टिपायला बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधनसंस्थेने तो १९५९ मध्ये बांधला. १९६४ मध्ये तिथल्या पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना त्यात एक बारीक खरखर सापडली. आकाशात कुठेही रोखला तरी तीच. कर्ण्यात कबुतरांनी घरटं केलं होतं. त्यांना हलवलं, विष्ठा घासून काढली, खरखर तशीच. तिकडे प्रिन्स्टनमधले शास्त्रज्ञ नेमका हाच संकेत शोधायची तयारी करत होते. विश्वाच्या सुरुवातीच्या उष्णतेचा तो अवशेष निघाला आणि १९७८ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. टेकडीवर बांधकाम होण्याचं घाटत होतं, तेव्हा रहिवाशांनी प्रश्न लावून धरला आणि टाउनशिपने जागा वाचवली. जाण्याआधी टाउनशिपच्या वेबसाइटवर आत जाता येतं का ते पाहा. खाली गावात एरो सारिननने आखलेली बेल लॅब्सची काचेची इमारत आहे. आता ती बाजार आणि कचेऱ्यांसाठी खुली आहे, त्यामुळे जेवणही तिथेच उरकता येतं.

दुपारनंतर सँडी हूक, म्हणजे समुद्रात शिरलेलं वाळूचं भूशिर. तिथला १७६४ चा दीपगृहाचा मनोरा देशातला चालू असलेला सर्वांत जुना. बांधला तेव्हा तो भूशिराच्या टोकापासून सुमारे पाचशे फुटांवर होता. समुद्राने वाळू आणून टाकली आणि आता तो दीड मैल आत आहे. वर चढायला मुलांना उंचीची अट असते, लहानग्यांना आधीच सांगून ठेवा. उन्हाळी शनिवार-रविवारी वाहनतळ भरला की फाटक बंद करतात, त्या दिवसांत क्रम उलटा करून सकाळी आठलाच इथे या.

पास आणि मुलं

केंद्र सरकारच्या जागांवर वर्षाचा पास चालतो आणि बऱ्याच ठिकाणी १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना शुल्क नसतं. ६२ वर्षांवरच्यांचा सीनियर पास फक्त नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईवडिलांचं तिकीट काढा. त्यांना गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून जिने किती ते विचारा, जुन्या घरांत लिफ्ट क्वचित असते. मुलांसाठी व्हिजिटर सेंटरमध्ये 'ज्युनियर रेंजर'ची पुस्तिका मागा. ती भरली की रेंजर हात वर करायला लावून शपथ देतो आणि बिल्ला लावतो. बिल्ल्यासाठी मुलं स्वतःहून पुढच्या ठिकाणी चला म्हणतात. आणि मार्गदर्शित टूर असेल तर तीच घ्या. बहुतेक मार्गदर्शक सेवानिवृत्त, गावातलेच असतात, प्रश्न विचारले की खुलतात.

थोडी लांबची ठिकाणं

बोटीने आलेल्या स्थलांतरितांची जिथे नोंद व्हायची त्या एलिस बेटाला न्यूयॉर्कहून जाण्यापेक्षा जर्सी सिटीच्या लिबर्टी स्टेट पार्कमधून बोट घ्या, गर्दी कमी असते. तिकीट अधिकृत बोट कंपनीचंच काढा, रस्त्यावर गाठणाऱ्यांकडून नको. बोट पार्कमधल्या १८८९ च्या रेल्वे टर्मिनसजवळून सुटते. बेटावर उतरलेले लाखो लोक इथून गाड्या पकडून देशभर गेले. १९९८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बेटाचा बराचसा भाग न्यू जर्सीचा ठरला. आपली माणसं मात्र बहुतांशी १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर आली, विमानाने. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली ती याच बोटीच्या दुसऱ्या थांब्यावर, स्वातंत्र्यदेवतेच्या पायथ्याशी, ३ ऑक्टोबर १९६५ ला. तिथे उतरलात की आईवडिलांना हे जरूर सांगा.

दक्षिणेला अटलांटिक सिटीजवळ मार्गेटला 'लुसी' आहे: लाकूड आणि पत्र्याची, सहा मजली उंच हत्तीण, १८८१ मध्ये जमिनी विकण्याची जाहिरात म्हणून उभारलेली. पायातल्या गोल जिन्याने पोटात शिरायचं आणि पाठीवरच्या हौद्यातून समुद्र बघायचा. तिथून पुढे गार्डन स्टेट पार्कवे संपतो तिथे, एक्झिट ० ला, केप मे. १८७८ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेल्या रंगीत लाकडी घरांचं हे अख्खं गावच लँडमार्क आहे. एडिसनहून दोन-अडीच तास लागतात, म्हणून एका रात्रीचा मुक्काम ठेवा. सप्टेंबरचा शेवट निवडलात तर खोल्या स्वस्त मिळतात, समुद्र अजून कोमट असतो आणि घरांच्या रांगांतून निवांत चालता येतं.